हिरव्या चिठ्ठीची अदलाबदल

ताराबाईंचं खरं नाव शाळेच्या दप्तरी होतं आणि ते तिथेच राहिलं. कोटाच्या कॉलरवर त्या एक हिरवा तारा लावायच्या. नखाएवढा, पत्र्याचा, एका टोकाला रंग उडालेला. त्यावरून आधी पोरं त्यांना ताराबाई म्हणायला लागली, मग शिपाई, आणि शेवटी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यासुद्धा. ताराबाईंनी कधी हरकत घेतली नाही. भूगोल शिकवणाऱ्या बाईला टोपणनाव मिळायचंच, आणि मिळणाऱ्या नावांत हे बरंच सभ्य होतं.

तारा वडलांचा. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. चौकातल्या एका जिन्याखाली त्यांचं दुकान, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आलं की त्याने बाहेरूनच बोलायचं. तिथे डोळ्याला भिंग लावून बसल्या बसल्या हा माणूस पुस्तकांवरून एस्पेरांतो शिकला. एस्पेरांतो म्हणजे कुणा एकाने मुद्दाम बसून तयार केलेली भाषा. ती कुठल्याच देशाची नाही, म्हणून सगळ्यांची, असं ती बोलणाऱ्यांचं म्हणणं. हिरवा तारा ही त्यांची खूण. वडलांनी अख्ख्या गल्लीला ती भाषा शिकवायचा चंग बांधला. गल्ली घड्याळ टाकायला यायची, घड्याळ घेऊन जायची, आणि मधल्या वेळात या गृहस्थाला टाळायची. शिकली एकटी मुलगी, कारण तिला पळायला जागा नव्हती.

एकदा ती मैत्रिणींबरोबर शाळेतून येत होती. समोरून वडील आले, छातीवर तारा, आणि लांबूनच हात वर करून त्यांनी त्या भाषेत खणखणीत आवाजात हाक मारली. "सालूतोन, फिलीनो." नमस्कार, लेकी. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. एकीने विचारलं, "तुझ्या ओळखीचा आहे का गं?"

"नाही," ती म्हणाली आणि तिने रस्ता ओलांडला.

वडलांनी वर केलेला हात हळूच खाली घेतला आणि जणू डोकं खाजवायलाच उचलला होता, असं डोकं खाजवलं. घरी त्यांनी तो विषय काढला नाही. काढून दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ते गेल्यावर मुलीने तारा स्वतःच्या कोटाला लावला, तो अभिमानापेक्षा त्या रस्त्यापायी. कुणी विचारलं तर मात्र अभिमानानेच सांगायची.

आता त्या गावात मुलांना घरच्या भाषेबरोबर पाचवीपासून मोठी भाषा शिकावी लागे. कचेरीत ती, कोर्टात ती, पुढच्या चांगल्या शाळेच्या प्रवेशालाही तीच. मुलं तिला घाबरायची आणि आईबाप मुलांपेक्षा जास्त. मोठ्या बाईंच्या वाचनात कुठेतरी आलं की आधी वर्षभर एखादी सोपी भाषा शिकवली तर मुलांची भीती मोडते, आणि मग दुसरी भाषा भराभर येते. सोपी भाषा येणारं माणूस तर शाळेतच होतं. ठरलं असं की पाचवीच्या एका तुकडीला दुसरी भाषा म्हणून वर्षभर एस्पेरांतो, मोठी भाषा तिला पुढच्या वर्षी. दुसऱ्या तुकडीला नेहमीप्रमाणे सरळ मोठी भाषा.

पालकांची सभा भरली. ताराबाई एरवी सभेत मागच्या रांगेत बसून वह्या तपासणाऱ्या. त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि वडलांच्या आवाजात बोलल्या. "एक वर्ष माझ्यावर सोडा," त्या म्हणाल्या. "तुमची मुलं मागे पडणार नाहीत. माझा शब्द आहे." माणूस मनापासून बोलतोय हे लोकांना कळतं. कुरकुरणारे गप्प झाले. कोणाचं मूल कुठे जाईल यावर भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या काढायचं ठरलं. हिरवी आली तर एस्पेरांतो, पांढरी आली तर मोठी भाषा.

ताराबाईंची लेक त्याच वर्षी पाचवीत गेली होती. तिने डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि हिरवी चिठ्ठी काढली. ती चिठ्ठी नाचवत ती आईकडे धावत आली. बाई हसल्या. मनातून मात्र धास्तावल्या.

कशापायी, ते त्यांनी संध्याकाळी नवऱ्यालाच काय, स्वतःलाही नीट सांगितलं नसतं. नवरा इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत माणूस, बोलण्यापेक्षा ऐकण्याचा. बाई भांडी पुसत म्हणाल्या, "मी तिची तुकडी बदलून घेते."

"का?"

"तिचं वर्ष गेलं तर? पुढच्या शाळेत घेताना ते मोठीच भाषा बघतात. माझ्यासारखं नको व्हायला. मला ती शेवटपर्यंत धड आली नाही."

"तुझा विश्वास नाही का त्या भाषेवर?"

"आहे."

"मग?"

"मग काही नाही," बाई म्हणाल्या आणि कोरडी झालेली ताटली पुन्हा पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंसमोर मात्र कारण कसं तयार होतं बघा. "आईनं स्वतःच्या मुलीला शिकवू नये," ताराबाई म्हणाल्या. "उद्या लोक म्हणतील, आपलीलाच पुढे काढते." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून शाळा चालतात, असं त्या म्हणाल्या आणि मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना बोलावून ते पुन्हा म्हणाल्या. तिथे तोंड उघडायला हवं होतं. बाईंनी खाली मान घातली, आणि लोकांना वाटलं, काय विनय आहे.

हिरव्या चिठ्ठीच्या बदल्यात पांढरी देणारी मुलगी शोधायला लागली नाही. शाळेच्या मागच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान होतं, त्या इस्त्रीवालीची पोर, लेकीचीच मैत्रीण. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिला पांढरी आली होती आणि तिची आई त्यावरून हिरमुसली होती. त्या बाईचा हिशेब सरळ होता. मास्तरीण स्वतः शब्द देते, म्हणजे माल चोख असणार.

राहता राहिली लेक. "पण हिरवी मला आली होती," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या मैत्रिणीला हवी होती ना. आपण तिला दिली. चांगली वस्तू आपणच ठेवायची असं थोडंच असतं?"

लेक म्हणाली, "बरं केलंस." तिच्या चेहऱ्यावर आईबद्दल असं काही कौतुक दिसलं की ताराबाईंना उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं. खोटं बोलायला एक वाक्य पुरलं होतं, आणि ते त्यांनी घरच्या भाषेत, प्रेमाने, मुलीच्या केसांवरून हात फिरवत सांगितलं होतं.

वर्ष सुरू झालं. शिकवायला बाई उत्तम, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. वर्गाच्या फळ्याशेजारी खिळ्याला त्यांनी पुठ्ठ्याची हिरवी मगर टांगली होती. एस्पेरांतोवाल्यांत ही जुनी चेष्टा आहे. सगळे एकत्र जमलेले असताना जो आपल्या घरच्या भाषेत तोंड उघडतो, तो मगर. बाईंच्या वर्गात नियम असा की तासाला जो घरच्या भाषेत बोलेल त्याच्या गळ्यात मगर पडायची, आणि दुसरा कोणी सापडेपर्यंत ती काढायची नाही. पोरं एकमेकांवर टपून बसायची. पायावर बाक पडला तरी भिंगरी एस्पेरांतोतच कळवळली, ही गोष्ट शाळाभर झाली.

बाहेर मात्र बाईंचा जीव नकोसा होत होता, आणि त्याला कारण इस्त्रीवाली. बाईंचा कोट दुकानात आला की बाकीचा ढीग बाजूला सरायचा. ती आधी तारा काढायची, बटणांच्या डबीत ठेवायची, कोटाला इस्त्री करायची आणि तारा परत त्याच भोकात स्वतःच्या हाताने लावून द्यायची. "तुमच्या लेकीच्या वाटचं माझ्या पोरीला दिलंत, बाई," ती म्हणायची. "कोण देतं हो?" बाई काहीतरी पुटपुटून सटकायच्या. मग त्यांनी तिथे जाणंच बंद केलं आणि चुरगळलेला कोट घालून शाळेत यायला लागल्या. झालं, दोन दिवसांत भिंगरी दारात हजर. "आईनं कोट मागितलाय. म्हणाली, बाईंना वेळ मिळत नसेल." चांगुलपणा असा हात धुऊन पाठीस लागल्यावर माणसाने जायचं तरी कुठे?

घरी लेक मोठ्या भाषेत बरी चालली होती. शाळा सुटल्यावर मात्र रोज उशिरा यायची. विचारलं तर म्हणायची, भिंगरीकडे होते. बाईंनी खोदून विचारलं नाही. त्या घराचं नाव निघालं की त्या विषय बदलायच्या.

वर्ष संपताना पुन्हा पालकांची सभा ठेवली. मुलं काय शिकली ते दाखवायचं आणि पुढच्या पाचवीलाही हे सुरू ठेवायचं का ते ठरवायचं. सभागृहात मागच्या भिंतीपर्यंत माणसं उभी होती. मगर आणून रंगमंचाच्या खांबाला टांगली होती. पोरांनी बाजाराचा प्रसंग केला, गाणं म्हटलं, भिंगरीने विक्रेती होऊन सगळ्यांना हसवलं. ज्यांना शब्द कळत नव्हता तेही हसले. आणि मग भिंगरीने विंगेतून कोणाचा तरी हात धरून ओढत आणलं. ती ताराबाईंची लेक होती.

बाईंना वाटलं, चुकून आली. लेक पुढे आली, पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे बघून तिने हात वर केला, आणि एस्पेरांतोत बोलायला लागली. अडखळत नाही, स्वच्छ. क्रियापदं जागच्या जागी. रोज संध्याकाळी इस्त्रीच्या दुकानात, कपड्यांच्या गाठोड्यावर बसून ती भिंगरीकडून शिकली होती. आईला चकित करायचं म्हणून वर्षभर घरी पत्ता लागू दिला नव्हता. सभागृहात तिचं बोलणं कळणारी मोठं माणूस एकच होतं, आणि ते खुर्चीचा हात धरून बसलं होतं.

"काय म्हणाली, काय म्हणाली?" मोठ्या बाईंनी भिंगरीला विचारलं. भिंगरी त्यांच्या कानात कुजबुजली. मोठ्या बाई डोळे पुसत रंगमंचावर चढल्या. "मुलगी म्हणते आहे," त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "की माझ्या आईजवळ एक चांगली वस्तू होती. ती तिनं मला न देता माझ्या मैत्रिणीला दिली. म्हणून मी ती मैत्रिणीकडून घेतली. आता ती आम्हा दोघींची आहे." पोरांनी एकच गिल्ला केला, कारण मोठ्या बाई घरच्या भाषेत बोलल्या होत्या. भिंगरीने मगर काढून त्यांच्या गळ्यात अडकवली. टाळ्यांनी छत दणाणलं. मागे उभी असलेली इस्त्रीवाली दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती आणि रडत होती.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते ताराबाईंना त्या दिवशी कळलं. धरणी काही हलली नाही. लोक त्यांनाच वर ढकलत होते, बोला म्हणत होते. दोन शब्द आभाराचे बोलून खाली उतरता आलं असतं. योजना पुढे चालू राहिली असती, कोट सगळ्यांच्या आधी इस्त्री होऊन आला असता, लेकीने जन्मभर आईकडे त्याच डोळ्यांनी बघितलं असतं. तेच त्यांना सहन होईना.

"चिठ्ठी मी दिली नाही," त्या म्हणाल्या.

घरची भाषा ऐकताच भिंगरीने मोठ्या बाईंच्या गळ्यातली मगर झडप घालून काढली आणि हसत हसत ताराबाईंच्या गळ्यात टाकली. लोक हसले. हसणं विरेपर्यंत बाई थांबल्या.

"मी ती बदलून घेतली. माझ्या मुलीचं वर्ष वाया जाईल अशी भीती वाटली म्हणून. आईनं मुलीला शिकवू नये वगैरे सगळं नंतर सुचलेलं. तुम्हाला शब्द दिला होता ना, तुमची मुलं मागे पडणार नाहीत? तो मला माझ्या घरात पाळता आला नाही. तिलाही मी खोटंच सांगितलं."

छातीवर पुठ्ठ्याची मगर, जबडा उघडलेला, त्यावर पोरांनी रंगवलेले पांढरे दात. अशा सोंगात माणसाने आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट सांगावी, याला काय म्हणायचं? लेकीचा हात अजून अर्धवट वर होता. तो तिने हळूच खाली घेतला. ते बघून ताराबाईंना जिन्याखालचं दुकान आठवलं, भर रस्त्यात डोकं खाजवणारा माणूस आठवला. मागच्या बाजूला दार वाजलं. इस्त्रीवाली निघून गेली होती.

घरी जाताना लेक बापाचा हात धरून पुढे चालली. बाई चार पावलं मागे. मगर काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. दारात आल्यावर त्यांनी दोरीला हात घातला तर लेक वळून एस्पेरांतोत म्हणाली, "काढायची नाही. नियम आहे." खरंच होतं. दुसरं कोणी सापडेपर्यंत काढायची नाही, आणि लेक सापडायला तयार नव्हती. नवरा बिचारा तोंड मिटून बसला. काही बोललो तर आपल्या गळ्यात येईल याची त्याला भीती नव्हती, या दोघींच्या मध्ये येऊ नये एवढं त्याला कळत होतं.

जेवताना लेकीने त्याच भाषेत विचारलं, "मी मागे पडेन असं वाटलं, की भिंगरी पडली तरी चालेल असं वाटलं?"

वडलांनी शिकवलेली भाषा, घरात इतक्या वर्षांनी कोणीतरी बोलत होतं, आणि बोलत होतं ते हे. "पहिलं वाटलं," बाई त्याच भाषेत म्हणाल्या. "दुसऱ्याचा विचारच केला नाही."

लेक ताटातला भात चिवडत राहिली. मग मिठाची वाटी स्वतःच्या हाताशी असताना, आईकडे न बघता, घरच्या भाषेत म्हणाली, "आई, मीठ दे." आणि तिने मगरीसाठी मान पुढे केली.

बाईंनी मगर काढली, पण तिच्या गळ्यात घातली नाही. ती दाराच्या खुंटीला लावली आणि जेवायला परत बसल्या. लेकीने एवढ्या लवकर सोडायला नको होतं, असं त्यांना वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी कोट घेऊन त्या स्वतः इस्त्रीच्या दुकानात गेल्या. गल्ली बदलून, दुसऱ्या कुणाकडे टाकता आला असता. पाय तिकडेच वळत होते, ते त्यांनी ओढून इकडे आणले. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. इस्त्रीवालीने कोट घेतला, ढिगाच्या तळाशी ठेवला आणि म्हणाली, "रांगेनं होईल."

"होऊ दे," बाई म्हणाल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या.

गिऱ्हाईकं आपले कपडे टाकून गेली, आधीचा ढीग कोटापर्यंत उतरला. इस्त्री कोटावर फिरायला लागली. इस्त्रीवाली मान वर न करता म्हणाली, "एकच विचारते, बाई. माझ्या पोरीचं वर्ष फुकट गेलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?"

नाही हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. तयार कारणं अशीच येतात, न बोलावता.

"हो," ताराबाई म्हणाल्या. "तेव्हा चाललं असतं."

इस्त्रीवालीने मान हलवली. तिला हेच उत्तर अपेक्षित होतं की दुसरं, ते काही कळलं नाही. तिने बाह्यांना इस्त्री केली, कॉलर दाबली, कोटाची घडी घातली. "पोर येईल शाळेत," ती म्हणाली. "तिला ते शिकायला आवडतं. तुमच्यासाठी नाही."

"हो."

मग तिने बटणांची डबी उघडली, त्यातून हिरवा तारा काढला आणि घडीच्या कोटावर ठेवला.

"हा तुमचा तुम्ही लावा," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट ओढून घेतला.